आईबाबांच्या टीव्हीला काय जोडावं?

प्रश्न : माझे आईबाबा वाईला असतात, मी ठाण्यात. बाबा ७८ वर्षांचे, आई ७२. घरात ३२ इंची साधा एलईडी टीव्ही आणि डिश आहे. गावात फायबर आल्यावर आम्ही वाय-फाय घेतलं. आईला मालिकांचे चुकलेले भाग बघायचे असतात, बाबांना कीर्तनं आणि जुनी नाटकं. दोघांकडे स्मार्टफोन आहे, पण फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप यापलीकडे ते जात नाहीत. दुकानात एक जण फायर स्टिक दाखवतो, दुसरा गूगल टीव्ही, तिसरा म्हणतो डिशचाच नवा बॉक्स घ्या. अमेरिकेतली बहीण रोकू सुचवते. त्यांना झेपेल असं सगळ्यांत सोपं यंत्र कोणतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी उत्तर देते, कारणं मागून. डिश काढू नका. ती ज्या कंपनीची आहे, तिच्याकडे चॅनेल आणि अ‍ॅप दोन्ही एकत्र देणारा बॉक्स मिळत असेल, तर जुना बॉक्स बदलून तो घ्या. मिळत नसेल किंवा आवडला नाही, तर ठाण्याला तुमच्या घरी जी स्टिक आहे, नेमकी तीच वाईला लावा. तुमच्याकडे कुठलीच नसेल तर एकसारख्या दोन घ्या.

ही दुसरी स्टिक चैन वाटेल, पण माझ्या मते सगळ्या सल्ल्यात तीच महत्त्वाची आहे. यंत्र लावून तुम्ही ठाण्याला परत जाल आणि चार दिवसांत फोन येईल, ‘टीव्हीवर काहीतरी भलतंच आलंय.’ त्या वेळी आईला पडद्यावर काय दिसतंय हे तिने सांगण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं. तुमच्या हातात तसाच रिमोट असेल, तर ‘गोल बटणाच्या खाली डावीकडचं दाब’ असं सांगता येतं. वेगळं यंत्र असेल तर दोघंही अंधारात चाचपडता, आवाज चढतात, आणि आई म्हणते, ‘राहू दे, मी आपली बातम्या बघते.’ एकदा असं झालं की ती त्या रिमोटला पुन्हा हात लावत नाही.

आता सोपं म्हणजे काय, ते पाहू. दुकानदार कमी बटणांचा रिमोट दाखवून ‘बघा किती सोपा’ म्हणतो. तुमच्या आईबाबांची अडचण बटणांच्या संख्येची नाही. त्यांच्या पिढीने टीव्हीतले सगळे बदल पचवले आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा एकच चॅनेल होतं. नव्वदच्या दशकात केबल आली. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ती सक्ती गावोगाव पोचली. प्रत्येक वेळी त्यांनी नवा रिमोट शिकून घेतला. पण या सगळ्यात एक गोष्ट कायम राहिली. अमुक आकडा दाबला की अमुक चॅनेल लागतं, काल लागलं तसंच आज. चाळीस-पन्नास बटणांचा रिमोट त्यांना जड गेला नाही, कारण प्रत्येक बटणाचं काम ठरलेलं होतं.

स्टिक लावली की नेमका हाच भरवसा जातो. एकच बाण वर-खाली, आत-बाहेर सगळीकडे नेतो, आणि तो कुठे नेईल हे पडद्यावरचा पिवळा किंवा पांढरा चौकोन आत्ता कुठे आहे यावर ठरतं. त्या चौकोनाकडे लक्ष ठेवायचं असतं हेच अनेक ज्येष्ठांना कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय पडदा रोज बदलतो. काल पहिल्या ओळीत असलेली मालिका आज तिसऱ्या ओळीत असते, वर नव्या सिनेमाची जाहिरात येते. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, तेव्हा चित्र आणि नाव दोन्ही बदललं. आपण नवं चित्र ओळखून पुढे जातो. जो माणूस जागा लक्षात ठेवून चालतो, त्याच्यासाठी ते अ‍ॅप नाहीसंच झालेलं असतं.

म्हणून यंत्र निवडताना मी तीन गोष्टी बघते. चुकीचं काहीही दाबलं गेलं तरी एका बटणाने ओळखीच्या जागी परत येता येतं का? एकाच रिमोटवर टीव्ही चालू-बंद, आवाज आणि कार्यक्रम हे सगळं होतं का? आणि अडलं तर फोनवर सांगणारा माणूस त्या यंत्राला सरावलेला आहे का? चित्र फोर-के आहे की नाही, मेमरी किती, याला ३२ इंची टीव्हीसमोर बसणाऱ्या दोघांच्या बाबतीत फारसं महत्त्व नाही.

या कसोटीवर डिश-कंपनीचा एकत्र बॉक्स पहिला येतो. टाटा प्लेचा बिंज प्लस, एअरटेलचा एक्सस्ट्रीम ही त्याची उदाहरणं. अँटेनाची वायर आणि वाय-फाय दोन्ही त्याच बॉक्सला. टीव्हीला जोडलेली वस्तू एकच राहते, त्यामुळे ‘सोर्स’ बदलण्याची भानगड उरत नाही. चॅनेल पूर्वीसारखी चालतात आणि नेट गेलं तरी बातम्या बंद पडत नाहीत. माझ्या अंदाजाने ज्येष्ठांच्या घरातून येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याअधिक एकट्या सोर्सच्या असतात : कोणीतरी इनपुट बदलतं, पडदा निळा किंवा काळा होतो, ‘नो सिग्नल’ येतं, आणि टीव्ही बिघडला असं समजून दोन दिवस तो बंद राहतो.

पण हा बॉक्स घेण्याआधी त्याचा रिमोट हातात घ्या आणि दोन गोष्टी बघा. आकड्यांची बटणं आहेत का? काही कंपन्यांनी नव्या रिमोटवरून ती काढून टाकली आहेत. तुमच्या बाबांसाठी तो मोठा तोटा आहे, कारण त्यांना चॅनेलचे आकडे पाठ असणार. दुसरं, बटण दाबल्यावर पडदा किती वेळाने हलतो? हे बॉक्स कधी कधी संथ असतात. ज्येष्ठ माणूस एकदा दाबतो, काही होत नाही म्हणून पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही दाबणी एकदम लागू होऊन भलतंच काही उघडतं. दुकानात किंवा ओळखीच्या घरी तो बॉक्स दहा मिनिटं चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टिकमध्ये अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७पासून भारतात आहे, सहज मिळते, आणि घराचं चित्र असलेलं होम बटण दाबलं की कुठूनही मुख्य पडद्यावर आणते. गूगल टीव्हीवर चालणाऱ्या स्टिक आणि बॉक्सही त्याच तोडीचे आहेत. तुमचा स्वतःचा टीव्ही गूगल टीव्ही असेल तर मी वाईला तेच घ्यायला सांगेन. फायर स्टिक घेताना रिमोटवर आवाज कमी-जास्त करायचं आणि टीव्ही बंद करायचं बटण आहे याची खात्री करा. ‘लाइट’ नावाच्या जुन्या स्वस्त मॉडेलच्या रिमोटवर ती बटणं नाहीत, आणि तेवढ्यासाठी घरात दुसरा रिमोट सांभाळत बसावं लागतं. अ‍ॅपल टीव्ही उत्तम चालतो, पण महाग आहे. शिवाय त्याच्या रिमोटच्या गोलावर बोट नुसतं घसरलं तरी निवड सरकते. थरथरत्या हाताला त्याचा त्रास होतो. स्पर्श बंद करून फक्त दाबण्यावर ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरली तर चालेल. जुना क्रोमकास्ट कोणी देऊ केला तर नको म्हणा : पहिल्या पिढ्यांतल्या क्रोमकास्टला रिमोटच नव्हता, सगळं मोबाइलवरून पाठवावं लागायचं. गूगलने २०२४मध्ये क्रोमकास्टचं उत्पादनही थांबवलं.

रोकूबद्दल तुमच्या बहिणीचं म्हणणं अमेरिकेपुरतं बरोबर आहे. तिथे ज्येष्ठांसाठी रोकूची शिफारस होते, कारण त्याचा मुख्य पडदा म्हणजे अ‍ॅपचे मोठे चौकोन आणि ते जागचे हलत नाहीत. पण भारतात त्याची अधिकृत विक्री नाही. उद्या खात्याची काही अडचण आली तर वाईत विचारायला कोणी नाही. बहिणीला कौतुकाने पाठवायचंच असेल तर रोकूऐवजी वर्षाचं सदस्यत्व भरू दे.

एक इशारा. पाचशे-हजार चॅनेल फुकट, कायमचं, असं सांगून बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स विकले जातात. ते घेऊ नका. त्यांतल्या अनेकांत कारखान्यातच घातक सॉफ्टवेअर भरलेलं आढळलं आहे. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा बॉक्सबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं. घरातल्या वाय-फायवर आईबाबांचा मोबाइल असतो आणि त्या मोबाइलवर बँक असते.

आता खरं काम सुरू होतं. यंत्र तीन ते सहा हजारांत मिळतं, पण ते ‘सोपं’ तुम्हाला करायचं आहे. त्यासाठी एक शनिवार-रविवार वाईला काढा. कुरियरने पाठवून व्हिडिओ कॉलवर लावून देण्याच्या फंदात पडू नका.

स्टिक टीव्हीच्या मागे लावताना तिची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. अनेक टीव्हींच्या यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नाही, स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दोष नेटवर जातो. सोबतचा अ‍ॅडॉप्टर थेट बोर्डात लावा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय-सीईसी चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. ते चालू असलं की स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबताच बहुतेक टीव्ही जागे होतात आणि आपोआप योग्य सोर्सवर येतात. हे एक सेटिंग तुमचे कितीतरी फोन वाचवेल.

मग पडदा रिकामा करायला घ्या. आईची मालिका कुठल्या चॅनेलवर लागते ते विचारा आणि तेवढंच अ‍ॅप ठेवा : स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी असेल तर जिओहॉटस्टार, झी मराठी असेल तर झी फाइव्ह, सोनी मराठी असेल तर सोनी लिव्ह. बाबांसाठी यूट्यूब. तीन, फार तर चार अ‍ॅप, पहिल्या ओळीत, ठरलेल्या क्रमाने. बाकीची काढता येतील तेवढी काढा, न निघणारी मागे सरकवा. फायर टीव्हीवर वरची जाहिरात आपोआप वाजू लागते, आणि आपण काही लावलं नाही तरी टीव्ही बोलतोय म्हणून माणूस गोंधळतो. प्रेफरन्सेसमध्ये फीचर्ड कंटेंट आहे, तिथे व्हिडिओ आणि आवाज दोन्हींचं आपोआप वाजणं बंद करा. स्क्रीनसेव्हरही बंद करा. आई फोनवर बोलायला उठते आणि परत येते तर पडद्यावर कुठलातरी डोंगर दिसतो, तिला वाटतं कार्यक्रम गेला. गूगल टीव्हीवर ‘फक्त अ‍ॅप’ असा एक मोड आहे. त्यात इतर काही सोयी बंद होतात, पण शिफारशींची सगळी गर्दी नाहीशी होऊन नुसती अ‍ॅप उरतात. आईबाबांच्या टीव्हीला मी तोच लावते.

प्रत्येक अ‍ॅपमध्ये प्रोफाइल एकच ठेवा, म्हणजे ‘कोण पाहतंय’ हा प्रश्न शक्य तिथे टळेल. यूट्यूबला मात्र बाबांचंच गूगल खातं जोडा, तुमचं नको. चार-आठ दिवस त्यांनी कीर्तनं ऐकली की पडदाच कीर्तनांनी भरतो आणि शोधायचं काम कमी होतं. तुमचं खातं असेल तर त्यांना तुमचे शेअर बाजाराचे व्हिडिओ दिसत राहतील. पहिल्याच दिवशी त्यांच्या आवडीची पाच-सहा चॅनेल सबस्क्राइब करून द्या. दूरदर्शन सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल त्यात असू द्या, तिथे जुने कार्यक्रम आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या इफ्फीत वेव्हज नावाचं अ‍ॅप सुरू केलं. त्यातही दूरदर्शनचा जुना ठेवा आहे. तुमच्या यंत्राच्या अ‍ॅपच्या यादीत ते सापडलं तर घालून बघा.

सदस्यत्वाचा एक घोळ आधीच लक्षात घ्या. मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळालेलं ओटीटी बऱ्याचदा फक्त मोबाइलवर चालतं, टीव्हीवर नाही. टीव्हीवर चालणारा प्लॅनच घ्या. खात्याला मोबाइल नंबर तुमचा द्या. अ‍ॅप मधूनच कधीतरी बाहेर काढतं आणि पुन्हा लॉग-इन मागतं. ओटीपी तुमच्याकडे आला किंवा पडद्यावरचा कोड आईने फोनवर वाचून दाखवला, तर ठाण्यात बसून तुम्ही ते काम करू शकता. पैसेही तुमच्याच कार्डावरून जाऊ द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. ती सूचना समजून घेणाऱ्याच्या फोनवर आलेली बरी. खरेदीला पिन लावून ठेवा, म्हणजे रिमोटवरून चुकून सिनेमा भाड्याने घेतला जाणार नाही.

आणि आईबाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगा, दोनदा सांगा : टीव्ही सुरू करून देतो म्हणून कोणी फोनवर पैसे मागितले तर फोन ठेवायचा. स्टिक चालू करायला, नोंदवायला वेगळे पैसे लागत नाहीत. पडद्यावर काही अडचण दिसली म्हणून गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधायचं आणि भलत्याच नंबरावर जाऊन फसायचं, असे प्रकार होतात. समोरचा माणूस मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप घ्यायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. असं काही झालंच तर उशीर न करता १९३०वर फोन करायचा. हा नंबर रिमोटच्या कागदावर लिहून ठेवा.

तो कागद म्हणजे टीव्हीशेजारी भिंतीवर लावायचं एक पान. ते तुम्ही छापून आणू नका, आईकडून लिहून घ्या, तिच्या शब्दांत. ‘घराचं बटण. मग उजवीकडे दोनदा. मग गोल बटण.’ तिने लिहिलेलं तिला वाचता येतं आणि पटतं. होम बटणावर एक टिकली चिकटवा, अंधारातही बोटाला लागते. काळा बारका रिमोट सोफ्याच्या फटीत हरवतो, त्याला रंगीत नाडी बांधा. सेल बदलायला शिकवा आणि नवे दोन टीव्हीखालच्या कपाटात ठेवून या. रिमोट चालत नाही याचं कारण अनेकदा सेल उतरलेले असणं हेच असतं.

शिकवताना रिमोट तुमच्या हातात घेऊ नका. हे फार अवघड जातं, कारण आई बाण शोधत असते आणि आपला अंगठा शिवशिवत असतो. पण आपण भरभर करून दाखवलं तर तिला फक्त आपला वेग दिसतो. पहिल्या दिवशी एकच धडा : काहीही उघडायचं, काहीही दाबायचं आणि घराच्या बटणाने परत यायचं. दहा वेळा. मुद्दाम चुकायला लावा. चुकलं तरी काही मोडत नाही हे हाताला कळलं की निम्मी भीती जाते. मालिका लावणं दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसा.

कदाचित बाबा चार दिवसांत सगळं आत्मसात करतील आणि आई फक्त डिशचं चॅनेल बघत राहील, किंवा उलट होईल. दोन्ही ठीक आहे. ज्याला जे नको त्याच्या गळ्यात ते बांधायचं कारण नाही. डिश ठेवा म्हटलं ते यासाठीही. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, कारण घरावरच्या डिशला येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. आणि टीव्ही इन्व्हर्टरवर असला तरी राउटर त्यावर नसेल, तर वीज गेली की नेट बंद. दोन्ही असली की एकाच्या जागी दुसरं उपयोगी पडतं. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरची पिन त्याच्या लाइनवर आहे ना, तेही बघून या.

प्रश्न : आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी टीव्हीवरची अक्षरं तिला नीट दिसत नाहीत. ऐकूही कमी येतं. रिमोटमध्ये बोलून कार्यक्रम लागतो म्हणतात, ते मराठीत होतं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एकतृतीयांश प्रकाश पोचतो. आजीचं वय त्याहून पुढचं असणार. मोतीबिंदू काढल्यावर भिंगाचा अडथळा जातो, पण बाहुली लहान झालेली असते आणि फिकट रंगांतला फरक ओळखणं कठीणच राहतं. त्यामुळे राखाडीवर पांढरी बारीक अक्षरं, जी आजकाल सगळ्या अ‍ॅपमध्ये असतात, तिला दिसत नाहीत. फायर टीव्हीच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ठळक अक्षरांचा पर्याय आहे, पडदा मोठा करून दाखवणारं भिंग आहे, आणि ‘टेक्स्ट बॅनर’ नावाची सोय आहे. चौकोन जिथे असेल तिथलं नाव ती एका ठरावीक जागी मोठ्या अक्षरांत दाखवते. आजीसाठी हा बॅनर फार कामाचा आहे. त्याचबरोबर खुर्ची टीव्हीच्या जवळ आणा आणि टीव्हीमागची खिडकी दुपारी झाका.

बोलून शोधण्याचं म्हणाल, तर फायर टीव्हीच्या रिमोटमधून ऐकणाऱ्या अलेक्साला हिंदी आणि भारतीय इंग्रजी येतं, मराठी भाषा निवडायचा पर्याय नाही. पण मालिकेचं किंवा गायकाचं नुसतं नाव घेतलं तर बहुतेकदा कळतं. गाडी अडते ती वाक्यात. ‘मला ते कालचं जरा लाव गं’ म्हटलं की पुढे काही होत नाही. म्हणून आजीला चार-पाच नावंच म्हणायला शिकवा : माइकचं बटण दाबून ठेवायचं, नाव घ्यायचं, बटण सोडायचं. पुष्कळ जण आधी बोलतात आणि मग बटण दाबतात किंवा वाक्य संपायच्या आत सोडतात. नऊवारी-पाचवारीच्या काळातल्या बायकांना यंत्राशी बोलायचा संकोचही वाटतो. घरात कोणी नसताना तिला एकटीला करून बघू द्या.

ऐकू कमी येण्यावर आवाज वाढवणं हा उपाय पुरा पडत नाही. वयाबरोबर आधी बारीक, तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ, ट ही व्यंजनं त्यांतच येतात, त्यामुळे आवाज पोचतो पण शब्द लागत नाहीत. आजकालच्या पातळ टीव्हींचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्याने आणखी भर पडते. स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो. पण तो जोडला की टीव्हीचा आवाज सहसा बंद होतो आणि आजी एकटीच ऐकते, घरच्यांना काही ऐकू येत नाही. मी तरी आधी साधा लहान साउंडबार तिच्या दिशेने ठेवून बघेन. आणि कानाची तपासणी झाली नसेल तर ती यंत्राच्या आधी करा.

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या वाडीत मोबाइलची रेंज आहे, वायरचं नेट नाही. घरात खोक्याचा जुना टीव्ही आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालेल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : चालेल, पण परवडणार नाही आणि दिसणारही नाही. एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, कमी दर्जाच्या चित्रालाही १ जीबीच्या आसपास. रोज दीड-दोन जीबीचं रिचार्ज असेल तर एक-दोन भागांत ते संपतं, आणि मग दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपही रखडतं. शिवाय हॉटस्पॉट ज्याच्या फोनवर आहे तो माणूस बाजारात गेला की टीव्ही बंद. खोक्याच्या टीव्हीला एचडीएमआय नसतं. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांना जोडायचा कन्व्हर्टर मिळतो, पण स्टिकचा पडदा मोठ्या, तीक्ष्ण टीव्हीसाठी आखलेला असतो. जुन्या काचेवर त्याची अक्षरं वाचता येत नाहीत.

तिथे डीडी फ्री डिश लावा. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. एकदा अँटेना आणि बॉक्सचे पैसे दिले की महिन्याचं काही भरायचं नाही, आणि सह्याद्री त्यावर आहेच. बॉक्स घेताना मागे खोक्याच्या टीव्हीसाठीच्या पिना आणि पुढे यूएसबी आहे असा मागा. अँटेना आग्नेयेकडे मोकळं आकाश दिसेल अशा जागी बसवा. समोर माड किंवा आंब्याची फांदी असेल तर पावसाळ्यात पालवी वाढली की चित्र फुटतं.

नाटकं, भजनं, कीर्तनं यांच्यासाठी त्या यूएसबीचा उपयोग करा. ज्यांच्या विक्रीच्या किंवा फुकट वाटपाच्या प्रती मिळतात त्या, आणि घरच्या लग्नाचे, गणपतीचे व्हिडिओ, पेन ड्राइव्हवर भरून गावी जाताना घेऊन जा. व्हिडिओ एमपी-४मध्ये ठेवा आणि मुंबईहून निघण्याआधी तशाच एखाद्या बॉक्सवर लावून बघा. फाइलींची नावं देवनागरीत दिली तर काही बॉक्स अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दाखवतात. म्हणून नावांऐवजी आकडे द्या, आणि कुठल्या आकड्याला काय आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पेन ड्राइव्हबरोबर द्या.